शेकाने स्नायू जळतात म्हणे! त्या फॉरवर्डला उत्तर

परवा रात्री अकराला सिडकोतून मामीचा फोन, "अरे, मामांचा शेक बंद करूया का? ग्रुपवर काय आलंय बघ जरा." मामांचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, 30 पैकी 17 शेक (म्हणजे रेडिएशनचे उपचार) झालेत आणि नेमका आत्ता हा मेसेज नाशकातल्या अर्ध्या ग्रुपांवर फिरतोय. मेसेजमध्ये लिहिलंय, शेकाने स्नायू कायमचे जळतात, नवीन पेशी होतच नाहीत, म्हणून त्या भागाची हालचाल करू नका, एक्स-रेनेही हळूहळू तेच होतं, आणि पेशंटजवळ लहान मुलांना बसू देऊ नका. मी गंगापूर रोडला अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवतो, त्यामुळे गप्प बसवेना.

सोपं आधी उरकतो. छातीच्या एका एक्स-रेचा डोस साधारण 0.1 मिलिसिव्हर्ट (अंगाला लागलेलं रेडिएशन मोजायचं एकक), जगात सरासरी माणसाला निसर्गातूनच वर्षाला 2.4 मिळतो, म्हणजे जेमतेम पंधरा दिवसांचा हिशोब झाला, त्याने स्नायूला काही होत नाही. आणि मामांना मशीनने बाहेरून शेक देतात, मशीन बंद झालं की रेडिएशन संपलं, अंगात काही उरत नाही, नातीला खुशाल मांडीवर घेऊ दे त्यांना. (थायरॉइडसाठी आयोडीनचा डोस पोटात देतात तेव्हा काही दिवस लांब राहावं लागतं, पण ते वेगळं.)

आता "जळतात". शेक या शब्दानेच घोटाळा होतो, त्यात गालाची कातडी काळी पडते, सोलते, मग वाटतं आतही जळलं असणार. पण रेडिएशन मारतं ते पेशीच्या डीएनएवर, आणि डीएनए तुटलेली पेशी बहुतेक वेळा विभागायला गेली की अडकते. बेर्गोनिए आणि ट्रिबोंदो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1906 मध्येच मांडलं होतं की जी पेशी जास्त विभागते तिला जास्त फटका. स्नायूचा तंतू म्हणजे शेकडो केंद्रकं असलेला लांब धागा, तो विभागतच नाही, म्हणून तोंडातली नाजूक त्वचा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सोलवटते पण चावायचा स्नायू तेव्हा टिकून असतो.

"नवीन पेशी होतच नाहीत" यात मात्र थोडं खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. स्नायूच्या तंतूला चिकटून सॅटेलाइट सेल झोपलेल्या असतात, 1961 मध्ये अलेक्झांडर मौरो यांनी बेडकाच्या स्नायूत त्या दाखवल्या. इजा झाली की त्या जाग्या होतात, विभागतात आणि तंतू भरून काढतात. विभागतात म्हणूनच रेडिएशन त्यांना लागतं. उंदराच्या पायाला एकदम 18 ग्रे (शेकाचा डोस मोजायचं एकक) दिले तर स्नायू गायब होत नाही, पण नंतर इजा झाली तर पूर्वीसारखा भरून येत नाही, तरीही काही सॅटेलाइट सेल त्यातूनही वाचतात. मामांना रोज 2 ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, असे 60 ग्रे सहा आठवड्यांत मिळतात, आणि दोन शेकांच्या मधल्या वेळात चांगल्या पेशी बरीच दुरुस्ती करून घेतात. वाढत्या वयातल्या मुलांचं वेगळं, शेक दिलेल्या बाजूचा स्नायू बारीक राहू शकतो.

खरा त्रास पुढे होतो, काही महिन्यांनी, कधी वर्षांनी. बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, स्नायूत तंतुमय ऊतक साठतं आणि तो चामड्यासारखा कडक होतो, जबडा आवळतो, तोंड दोन बोटंही उघडत नाही. म्हणून "हालचाल करू नका" हे वाक्य वाचून मला सगळ्यात जास्त राग आला, कारण जबडा हलता ठेवणं हाच तर उपाय आहे! फिजिओ मॅडमनी मामांना आइस्क्रीमच्या काड्या दिल्यात, गॅलरीत खुर्ची टाकून बसतात, दातांत काड्यांची थप्पी धरतात, मधे एक एक काडी सरकवतात, डोळ्यांत पाणी येतं, तरी करतात. 13 पर्यंत पोचले होते. फॉरवर्ड वाचून दोन दिवस बंद केलं, काल मोजलं तर 11.

आणि शेक मधेच सोडला तर उरलेल्या कॅन्सरच्या पेशींना परत वाढायला मोकळीक मिळते, म्हणून डॉक्टर एक दिवसाचाही खाडा नको म्हणतात. तोंड फार दुखत असेल, गिळता येत नसेल तर त्यांना सांगा, औषध देतात.

मामीला हे सगळं फोनवर सांगितलं, काल 18 वा शेक झाला. काड्या परत 13 होईपर्यंत मी रोज सकाळी क्लासच्या आधी सिडकोला जाणार आहे.