लेमेबेलला नुसतं रंगीत पोस्टर करू नका
स्पॅनिशमधल्या क्वीअर लिखाणाचा विषय निघाला की गाडी स्पेनच्या कवी लोर्कावरून सुटते आणि आल्मोदोवारच्या पिक्चरवर थांबते, चिलीच्या पेद्रो लेमेबेल या लेखकाचं नाव क्वचितच कोणी घेतं, आणि घेतलं तरी हाय हिल्समधला फोटो टाकून मोकळे होतात. माझं भांडण त्या फोटोशीच आहे.

१९८६ साल, चिलीत पिनोशेची लष्करी हुकूमशाही जोरात. सान्तियागोमध्ये डाव्यांची सभा. हा तिथे हिल्स घालून, तोंडावर विळा-हातोडा रंगवून उभा राहतो आणि आपला जाहीरनामा वाचतो. आता बोलायचं तर हुकूमशहाला बोलायचं ना? हा समोर बसलेल्या कॉम्रेडांनाच धरतो, की तुमच्या क्रांतीत आमच्यासारख्यांचं काय करणार आहात ते आधी सांगा. वर गरिबीचा हिशोबही मांडतो, कारण हा सान्तियागोच्या सांडपाण्याच्या कालव्याकाठच्या वस्तीत जन्मलेला, गरीब आणि वर समलिंगी म्हणजे काय ते त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. शत्रूला शिव्या घालणं सोपं असतं हो, आपल्याच लोकांच्या सभेत उठून असं विचारायला जिगर लागते. पोस्टरवर यातलं काहीच येत नाही, फक्त हिल्स येतात.

पुढच्याच वर्षी त्याने आणि फ्रान्सिस्को कासासने मिळून 'प्रलयाच्या घोड्या' नावाची, लोकांसमोर परफॉर्मन्स करणारी जोडी काढली (नाव बघा!). १२ ऑक्टोबर १९८९ ला, म्हणजे कोलंबस अमेरिकेत पोचला त्या तारखेला, या दोघांनी जमिनीवर दक्षिण अमेरिकेचा नकाशा काढला, त्यावर कोका-कोलाच्या बाटल्यांच्या काचा पसरल्या आणि अनवाणी पायांनी क्वेका नाचले. क्वेका हा तिथला जोडीचा नाच, बाई आणि पुरुषाचा, पण ज्यांची माणसं लष्कराने गायब केली त्या बायका निषेध म्हणून तो एकट्याने नाचायच्या. इथे दोन पुरुष, पाय रक्ताळलेले आणि गाणं फक्त त्यांच्या वॉकमनमध्ये, बघणाऱ्यांना ऐकूच येत नाही. एका नाचात अमेरिका, लष्कर आणि घरातली मर्दानगी तिघांना घेतलं!

वडिलांचं आडनाव टाकून आईचं लावणारा माणूस हा, हेही जाता जाता.

२००१ ची त्याची एकमेव कादंबरी तर घ्याच. अधिकाऱ्यांच्या बायकांसाठी टेबलक्लॉथ भरणारी उतारवयातली नायिका एका तरुण क्रांतिकारकाच्या प्रेमात पडते आणि त्याची खोकी घरात ठेवून घेते. मधेमधे पिनोशेची बायको नवऱ्याचं डोकं खात असते, ते भाग वाचताना मी एकटाच मोठ्याने हसत होतो.