दहा वजनं पाठ केली की फारसी येते?

‘फारसीतले निम्मे शब्द अरबीच आहेत. अरबीची दहा वजनं पाठ करा, शब्द आणि व्याकरण दोन्ही आपोआप येईल.’ फारसी शिकू पाहणाऱ्यांमध्ये हा सल्ला सारखा फिरत असतो. वजन म्हणजे साचा. त्यात तीन व्यंजनांचा धातू ओतायचा: क-त-ब पासून किताब, कातिब म्हणजे लिहिणारा, मक्तूब म्हणजे लिहिलेलं.

आधी ‘निम्मे शब्द’. जुन्या दरबारी गद्यात अरबीची रेलचेल आहे, खरंय. पण मादर, पेदर, नान, आब, दस्त हे घरातले शब्द अरबी नाहीत. क्रियापदंही, फहमीदनसारखे मोजके अपवाद सोडले तर, अस्सल फारसी.

‘साचा ओळखला की अर्थ कळतो.’ इथे मराठी माणूस हमखास फसतो. हशील, महसूल, तहसील हे तिन्ही शब्द ह-स-ल या एकाच धातूचे आणि आपल्या रोजच्या ओळखीचे. इराणात मात्र ‘तहसील कर्दन’ म्हणजे शिक्षण घेणं आणि ‘महसूल’ म्हणजे उत्पादन किंवा पीक. सातबारा डोक्यात ठेवून तेहरानचं वर्तमानपत्र वाचायला बसलात तर कठीण आहे! बरं, अरबी येणाराही सुटत नाही. ‘कसीफ’ अरबीत दाट, फारसीत घाणेरडा. इराणी लोक 1979 च्या क्रांतीला ‘एन्केलाब’ म्हणतात. आजच्या अरबीत तोच शब्द सत्ता उलथवण्यासाठी, लष्करी बंडासाठी वापरतात.

व्याकरणाचा दावा तर साफ चुकीचा. अरबीत लिंग आहे, द्विवचन आहे. फारसीत दोन्ही नाहीत. ‘मन किताब रा खान्दम’ म्हणजे ‘मी पुस्तक वाचलं’: शब्दांचा क्रम जसाच्या तसा मराठी. रफ्तम म्हणजे गेलो, मीरवम म्हणजे जातो. रफ्त आणि रव ही जोडी कुठल्याच वजनात बसत नाही, घोकावीच लागते. आणि अरबी नाम फारसीत आलं की त्याला ‘कर्दन’ जोडतात, ‘एस्तेफादे कर्दन’ म्हणजे वापरणं. आपण ‘मंजूर करणं’ म्हणतो तसंच. कर्दन आणि करणं मुळात एकाच कुळातले. त्यामुळे व्याकरणासाठी मराठीचा आधार अरबीपेक्षा जास्त.

मग वजनं शिकूच नयेत? शिकावीत, शुद्धलेखनासाठी. फारसीत ‘ज़’ या एकाच उच्चाराला चार अक्षरं आहेत: ज़ाल, ज़े, ज़ाद, ज़ा. हाज़ेर, होज़ूर, हज़रत (आपले हजर, हुजूर, हजरत) एकाच धातूचे हे कळलं, की तिन्हींत ज़ाद लिहायचा हे वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

नजाकतमध्ये मात्र ज़े. साचा अरबी, पण आत ओतलेला शब्द फारसीतला ‘नाज़ोक’, म्हणजे आपला नाजूक. त्याचा अरबी धातू शोधण्यात मी एक अख्खी दुपार घालवली आहे.