कॅलेंडर जरा वर लावलंय

पाव किलो भेंडी घेताना आमची ही प्रत्येक भेंडीचा शेंडा मोडून बघते. भाजीवाला तोंडातल्या तोंडात पुटपुटतो, पण मोडू देतो. ठाण्यात ७० लाखांचा फ्लॅट घेताना मात्र आम्हाला एकही शेंडा मोडू दिला गेला नाही.

इमारत १९९३ सालची. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. आमचा फ्लॅट चौथ्यावर. "वारा काय येतो!" एजंट म्हणाला. तोही धापा टाकत होता.

विकणारे गृहस्थ एकदम सज्जन. चहा दिला, सोबत चकली दिली. हॉलच्या भिंतीवर, छताला टेकेल इतक्या उंचावर, एक कॅलेंडर टांगलेलं होतं. तारीख बघायची तर स्टुलावर चढायला हवं.

"इतकं वर का हो?"

"मुलं फाडतात."

त्यांचा धाकटा मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. पण चकली खुसखुशीत होती, आणि मी गप्प बसलो.

टोकन देण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात म्हणून सोसायटीच्या ऑफिसात गेलो. ऑफिस म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, एक गोदरेजचं कपाट आणि त्या कपाटाला पाठ लावून बसलेले सेक्रेटरीकाका. मेंटेनन्स थकलाय का, मोठी दुरुस्ती निघणार आहे का, स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का, जमीन सोसायटीच्या नावावर आहे का, एवढंच विचारलं.

"तुम्ही सभासद आहात?"

"नाही, व्हायचंय."

"मग झालात की या. कलम ३२. कागद बघायचा हक्क सभासदाला."

"पण कागद बघितल्याशिवाय सभासद कसा होऊ?"

"आम्ही सगळे कसे झालो?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांना १९६०चा सहकारी संस्था अधिनियम रामरक्षेसारखा पाठ होता, निदान नाही म्हणायला लागतो तेवढा तरी.

नवा फ्लॅट घेणाऱ्याची चैन असते. जमिनीवर आपला हक्क काय, बोजा कोणता, हे बिल्डरने खरंखरं सांगावं असं १९६३चा मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा फ्लॅट-मालकीचा कायदाच म्हणतो. २०१६मध्ये घर घेणाऱ्यांसाठी रेरा कायदा आला, आणि आता मंजूर नकाशे आणि कोर्टातले दावेसुद्धा घरबसल्या वेबसाइटवर बघता येतात. मी एजंटला म्हटलं, तसंच आपणही बघू. तो हसला. "साहेब, ते नव्या प्रोजेक्टला. तीस वर्षांच्या इमारतीचं कोण रजिस्ट्रेशन करतंय?"

मग एक युक्ती सुचली. विकणारे गृहस्थ तर सभासद आहेत, त्यांनीच अर्ज करावा! त्यांना म्हटलं तर ते म्हणाले, "कशाला उगाच? काकांशी संबंध बिघडतात." दोन महिन्यांत ते घर सोडून जाणार होते. तरीही त्यांना संबंध जपायचे होते.

शेवटी टोकन दिलं. त्यानंतर मात्र माहिती आपणहून येऊ लागली. तळमजल्यावर नोटीस बोर्ड होता. त्याच्या काचेची किल्ली कधीतरी हरवलेली, त्यामुळे आतले कागद पुराणवस्तू होऊन बसले होते. २०२१ची पाणी बंद असल्याची सूचना, आणि तिच्याखाली थकबाकीदारांची यादी. आमचे सज्जन गृहस्थ दुसऱ्या क्रमांकावर. (बाकी चुकती झाल्याशिवाय नाव चढत नाही, म्हणून ती त्यांनी नंतर भरली. तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं केलं.) जिना झाडणाऱ्या मावशींनी विचारलं, "चौथ्यावर घेताय? बादल्या हायेत ना घरात?"

मला वाटलं, पाण्याची टंचाई असेल.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. फ्लॅट नव्या माणसाच्या नावावर करताना सोसायटी जो ट्रान्सफरचा प्रीमियम घेते, तो २५ हजारांच्या वर घेता येत नाही, असा २००१चा शासनाचा आदेश आहे. काकांनी २५ हजारांची पावती दिली आणि टेबलावर देणगीचं पुस्तक सरकवलं. "ऐच्छिक आहे," ते म्हणाले. इच्छा त्यांची होती.

शेअर सर्टिफिकेटवर नाव चढलं त्याच संध्याकाळी मी कलम ३२चा अर्ज घेऊन जिन्याखाली हजर. काकांनी अगदी आनंदाने कपाट उघडलं. आतून आधी सत्यनारायणाचा पाट निघाला, मग विजेच्या दिव्यांच्या माळा, आणि त्याखाली सर्वसाधारण सभांच्या इतिवृत्ताची वही. जमीन अजून बिल्डरच्याच नावावर होती. मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरने टाळलं तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याची सोय २००८पासून आहे, पण त्यावर वहीत 'चर्चा झाली' एवढंच वाक्य दर वर्षी नव्या हस्ताक्षरात होतं. पुढे गेल्याच्या गेल्या वर्षीचं पान:

'विषय क्र. ६. टेरेस वॉटरप्रूफिंग. चौथ्या मजल्यावर गळती असल्याने प्रत्येकी वर्गणी काढून काम करावे, असे ऑडिटरने सुचविले आहे. खर्च पाहता विषय पुढे ढकलण्यात आला.'

खाली सूचक एक तळमजल्यावरचे. अनुमोदक आमचे चकलीवाले.

"स्वतःच्या डोक्यावर गळतंय, आणि हे पुढे ढकला म्हणतात?" मी काकांना विचारलं.

"त्यांना विकायचा होता ना," काका म्हणाले.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हॉलच्या भिंतीवर, छताला लागून, ओल उमटली. आकार साधारण श्रीलंकेचा. बरोबर मधोमध जुना खिळा. रविवारी मेव्हणे आणि मंडळी जेवायला यायची होती, नव्या घरी पहिल्यांदाच. हिने भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून आणलं.

मी स्टूल घेऊन आलो.