पितृत्वाची चौकशी

आमच्या ठमीचा बाप कोण, हा प्रश्न मला काल संध्याकाळी सोसायटीच्या भरलेल्या लिफ्टमध्ये सर्वांसमक्ष विचारण्यात आला. ठमी ही कोथरूडमधल्या एका बांधकामावर, वाळूच्या ढिगात सापडलेल्या कुत्रीच्या पिल्लांपैकी एक. पिल्लू दत्तक देणाऱ्या संस्थेचा अर्ज, घर पाहायला आलेल्या कार्यकर्त्या, गॅलरीच्या जाळीची तपासणी, पुढे नसबंदी करून घेण्याचे हमीपत्र हे सारे सोपस्कार आम्ही हौसेने पार पाडले. ते रास्तच होते. नानांचे मात्र रास्त नव्हते.

चौथ्या मजल्यावरचे नाना बँकेतून निवृत्त झाले असले, तरी कर्जदाराची कागदपत्रे तपासण्याची त्यांची हौस निवृत्त झालेली नाही. त्यांनी लांबचा चष्मा काढला, जवळचा लावला आणि माझ्या कडेवरच्या ठमीचा कान दोन बोटांनी उलटून पाहिला.

"कोणती जात?"

"मिश्र."

"ते दिसतंच आहे. कशाचं कशाशी?"

मी ठाऊक नसल्याचे सांगताच त्यांनी तपास स्वतःकडे घेतला. "कान लॅब्राडॉरचे. तोंड थोडंफार जर्मन शेफर्डचं. शेपूट मात्र..." येथे त्यांनी सुस्कारा सोडला. "शेपूट आपल्याकडचीच." ती वरच्या बाजूला वळलेली, टोकाला पांढरा ठिपका असलेली शेपूट त्या वेळी त्यांच्याच स्वागतासाठी माझ्या बरगड्यांवर आपटत होती.

"आई तरी माहीत आहे?"

"आई तिथेच होती, वाळूवर."

"आणि वडील?"

वास्तविक मी गप्प बसायला हरकत नव्हती. पण डॉक्टरांकडून नुकतेच ऐकलेले ज्ञान माझ्या जिभेवर होते. "नाना, कुत्र्यांमध्ये एकाच वेताच्या पिल्लांचे बाप निरनिराळे असू शकतात. त्यामुळे ठमीचा..." नानांनी झटकन शेजारी उभ्या असलेल्या नातीचे कान झाकले. त्या हातांखालून नातीने खणखणीत आवाजात विचारले, "म्हणजे किती बाप?" लिफ्टमधल्या एकानेही हसू आवरण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला नाही.

"पैसे किती दिलेत?" नानांनी विषय सभ्य मार्गावर आणला. काहीच नाही, असे ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. "मग बरोबर. आता चारचौघांत लॅब क्रॉस सांगत जा. मीही वहीत तसंच लिहितो. फ्लॅटच्या दृष्टीनेही बरं."

फ्लॅटच्या दृष्टीने! रात्रभर भुंकून आमचा मजला जागा ठेवणारा बीगल 'ब्रुनोबाळ' असतो आणि चपलेखेरीज कोणाला उपद्रव न देणारी आमची ठमी 'ते कुत्रं' असते, याचा मला खरोखर राग येतो. ब्रुनोला ज्याने विकले, त्याच्याकडे कुत्र्यांच्या पैदाशी-विक्रीसंबंधीच्या 2017च्या नियमांप्रमाणे नोंदणी आहे का, पिल्लू आठ आठवड्यांचे होण्याआधीच विकले नाही ना, हे कागद नानांनी कधी मागितलेले नाहीत. पुण्याच्या मे महिन्यात एसीच्या खोलीत जीभ बाहेर काढून पडलेल्या, बर्फाळ प्रदेशातल्या हस्कीचे कौतुक होते. येथल्याच उन्हापावसात पिढ्यान्‌पिढ्या निभावलेल्या कुत्र्याला मात्र लॅबचा आधार लागतो. नानांच्या दारावर दत्ताची तसबीर आहे. तिच्यातली चार कुत्री कोणत्या जातीची, हे ते रोज उदबत्ती ओवाळताना विचारत नसावेत.

त्यातच लिफ्टमध्ये 'पाळीव प्राण्यांस मनाई' अशी पाटी आहे. सोसायटीला बहुमताने ठराव करूनही अशी मनाई करता येत नाही, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने 2015 सालीच कळवलेले आहे. मी तो कागद छापून कमिटीला दिला. त्याच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पाण्याच्या टँकरचा हिशेब लिहिलेला मी स्वतः पाहिला. ब्रुनोबाळ अर्थातच पाटीच्या खाली उभा राहून वर-खाली जातो.

आज सकाळी नाना दारात उभे. नातीला पिल्लाशी खेळायचे होते. परवानगी देण्यापूर्वी त्यांनी ठमीचे लसीकरणाचे कार्ड उजेडात धरून, प्रत्येक शिक्का नखाने खरवडून तपासले. रेबीजची लस ती तीन महिन्यांची झाल्यावर द्यायची आहे, हे कळल्यावर ती तारीख त्यांनी स्वतःच्या डायरीत उतरवून घेतली, चुकवू नका म्हणून मला दोनदा बजावले आणि पायातली सपाता तिच्या तोंडातून सोडवत सुचवले, "नाव तेवढं बदला. रोझी म्हटलं की कोणी फार विचारणार नाही."