पाऊस कमी म्हणून कोणतीबी शीट चालती का?

आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय. ‘मराठवाड्यात पाऊसच कमी, स्लॅब गळू नये म्हणून वरून साधी काळी डांबरी शीट बस झाली, जेवढी जाड तेवढी चांगली, गळालं तर वरून व्हाइट कोट (पांढरा रंग) मारा.’ चौघांनी अंगठे पण दाखवलेत, आणि धाकटा चुलतभाऊ परभणीत घर बांधायलाय म्हणून लिहायलोय.

पाऊस कमी, कोकणाच्या मानानं खरंय. पण आज्याच्या माळवदावर दरवर्षी मिरगाच्या आधी पांढरी माती पडायचीच ना, तेव्हा काय पाऊस लई होता का? स्लॅबला वर्षाची बेरीज कळत नाही, एका रात्री धो धो पडला, पाइपाच्या तोंडाशी लिंबाचा पाला अडकला आणि चार बोटं पाणी दोन दिवस तुंबलं की ते मुरणारच. त्याहून वाईट आपलं ऊन. १० मीटरचा स्लॅब ३० अंशानं तापला तर जवळपास ३ मिलिमीटर वाढतो, रात्री परत आखडतो. उन्हाळाभर हेच, मग वरचा सिमेंटचा कडक थर तडकंल नाहीतर काय करंल?

आता ‘साधी काळी शीट’ म्हणजे नेमकी कोणती? डांबरात प्लास्टिकची जात मिसळलेली ती एपीपी, उन्हाला जास्त टिकते; रबराची जात मिसळलेली ती एसबीएस, जास्त लवचिक, ती थंड मुलखात बरी. म्हणजे आपल्याला एपीपी. पण ती उघडी ठेवायची असंल तर वरून बारीक खड्यांचा मिनरल थर असलेली घ्यायची, नुसती काळी ऊन खाऊन भेगाळते. आणि गच्चीवर कुरडया वाळणार, कूलर ओढत नेणार, तर शीटवर कोबा नाहीतर फरशी पाहिजेच.

जाडीचं तर मला हसूच आलं. आमच्या गच्चीला ४ मिलिमीटरचीच आहे की! अवकाळी पडून दोन दिवस झाले नव्हते, स्लॅब आतून ओला, ठेकेदारानं प्रायमर (शीट धरावी म्हणून आधी मारायचा पातळ हात) पण न मारता गॅसच्या टॉर्चनं शीट चिटकवून टाकली. एप्रिलात पुरीवानी फुगे आले, एकावर पाय दिला तर फस्स झालं, ब्लेडनं कापलं तर खाली घाम आल्यासारखं ओलं. पाणी जाडीतून येतच नाही हो, जोडातून येतं. म्हणून शीट शेजारच्या शीटवर १० सेंटिमीटर चढवायची, टोकाला १५, आणि कठड्याच्या कोपऱ्यात आधी सिमेंटच्या मसाल्याची गोलाई, नाहीतर शीट तिथंच मोडते.

व्हाइट कोट मात्र वाईट नाही, खालची खोली गार राहते. पण तो अ‍ॅक्रिलिकचा, पाणी तुंबलं की सालपटं निघतात, गळतीचा इलाज न्हाई तो.

बाथरूमला ही शीट विचारूच नका, एवढ्याशा जागेत चार पाइप, तिथं ब्रशनं लावायचं पातळ कोटिंगच नीट बसतं.

तर भावड्या, शीटचा भाव नंतर काढ. आधी मिस्त्रीला विचार, उतार मीटरला एक सेंटिमीटर तरी काढलाय का, आणि फरशीच्या आधी गळती बघायला पाइप बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवणार का. काय म्हणाला ते इथंच टाक.