टर्की पक्षी भारतातून जगभर गेला? नाही.

नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला जाणाऱ्या आम्हा नाशिककरांच्या फोनवर सध्या एक मजकूर फिरतोय. 'इंग्रज ज्याला टर्की म्हणतात, त्याला तुर्कस्तानात हिंदी म्हणतात. फ्रेंचमध्ये तो दँद, म्हणजे भारताचा. डचांकडे काल्कून, म्हणजे कालिकतचा. म्हणून हा पक्षी मूळचा आपलाच!'

शब्द खरे आहेत, निष्कर्ष साफ चुकीचा आहे. टर्की हा अमेरिका खंडातला पक्षी. मेक्सिकोतल्या लोकांनी तो माणसाळवला आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून तो युरोपात पोहोचला.

मग 'भारताचा' कसा? कोलंबस 1492 साली अमेरिकेच्या बेटांवर उतरला आणि त्याला वाटलं आपण हिंदुस्थानाजवळ आलो. युरोपीय लोक त्या मुलखालाही 'इंडिया'च म्हणत राहिले. फ्रेंच नावातला भारत तो आहे. कालिकतचंही तसंच: वास्को द गामा 1498 मध्ये तिथे पोहोचला, बंदराचं नाव युरोपभर झालं आणि लांबून आलेल्या कोंबडीला ते चिकटलं.

इंग्रजी नावाची गंमत वेगळी. आफ्रिकेतली गिनी कोंबडी तुर्की व्यापाऱ्यांच्या हातून यायची, म्हणून इंग्रज तिला टर्की म्हणत. पुढे हा नवा पक्षी आला आणि तेच नाव त्याच्याकडे गेलं.

शिवाय नाव हाच जन्मदाखला मानायचा तर पोर्तुगीज त्याला पेरू (त्या देशाच्या नावावरून) म्हणतात, मलय भाषेत तो 'डच कोंबडी' आणि इजिप्तमध्ये 'रूमी', म्हणजे रोमकडचा, कोंबडा. मग जन्मगावं तरी किती धरायची? आपल्या येवल्या-निफाडच्या शेतातला मका घ्या. इटालियन लोक त्याला 'तुर्की धान्य' म्हणतात, तुर्क त्याला 'मिसिर' म्हणजे इजिप्त म्हणतात, आणि तो आला मेक्सिकोतून. नवा माल ज्याच्या हातून आला किंवा आला असं वाटलं, त्याचं नाव त्याला पडतं.

मला सगळ्यात ठाम पुरावा आपल्याच इतिहासात दिसतो. 1612 साली मुकर्रबखान या मुघल सरदाराने गोव्याहून काही प्राणी-पक्षी जहांगीर बादशहाकडे आणले, त्यात टर्की होता. हे प्राणी आपण कधी पाहिले नव्हते, त्यांची नावंही कुणाला ठाऊक नव्हती, असं जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो. त्याने त्यांची चित्रं काढून घेतली. त्याच्या दरबारी चित्रकाराने, मन्सूरने, रंगवलेला टर्की आजही लंडनच्या संग्रहालयात आहे. पक्षी भारतातलाच असता, तर पशुपक्ष्यांचा एवढा षोकी बादशहा त्याच्याकडे नवलाने बघत बसला असता का?

आणि मोर बघा. मयूर, शिखी, केकी, बर्ही, नीलकंठ: पिसारा, तुरा, ओरडणं, गळ्याचा रंग, प्रत्येकासाठी संस्कृतात शब्द आहे. टर्कीसाठी मराठीत आपण इंग्रजीतून घेतलेलं टर्कीच म्हणतो. तिकडे मेक्सिकोत मात्र लोक आजही त्याला ग्वाहोलोते म्हणतात, आणि ते नाव अॅझ्टेकांच्या नावात्ल भाषेतून आलंय.