अंगावर काढण्याचं शास्त्र

चार सरी पडल्या, घरात कोणाला तरी कणकण आली, की पहिली चूक होते ती थर्मामीटर शोधण्याची. शोधू नका. सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्याचा सेल संपलेला असेल. तळहात उलटा करून कपाळाला लावावा आणि "अंग जरा कोमट लागतंय" एवढं म्हणावं. हात लावणारी व्यक्ती नुकतीच भांडी घासून आली असेल तर अख्ख्या घराला ताप आहे असं वाटतं. हरकत नाही, तेवढाच सगळ्यांना एकेक कप गवती चहा मिळतो.

मग निदान. आपल्याकडे निदानं दोनच: "हवा बदललीये" आणि "पित्त झालंय". डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, टायफॉइड, सगळ्यांची सुरुवात ताप, डोकेदुखी आणि अंगदुखीनंच होते, त्यामुळे शिकलेले डॉक्टरसुद्धा रक्त तपासल्याशिवाय ठाम बोलत नाहीत. तुम्ही बोला. लॅबच्या वाटेला जाऊ नका, कारण तपासलं की काहीतरी निघतं. आमच्या शेजारच्या काकांनी याच तत्त्वावर सत्तर वर्षं काढली, आणि त्यांना अजून काहीही निघालेलं नाही.

आता मुख्य विद्या, म्हणजे दुखणं अंगावर काढणं. तीन दिवस ताप असताना ऑफिसला जावं, आपली नेहमीची लोकल पकडावी, चौथ्या सीटवर शेजाऱ्याच्या खांद्याला कढत कपाळ टेकवून डुलकी घ्यावी. "बरं नाही तर घरी थांबायचं ना," असं कोणी म्हणालंच तर "आता बसूनच राहायचं का?" हे उत्तर तयार ठेवावं.

मागच्या श्रावणात मी हा प्रयोग संपूर्ण केला. चौथ्या दिवशी सकाळी ताप उतरला. घामानं अंग भिजलं, आई म्हणाली, "बघ, उतरला की नाही," आणि मी विजयोत्सव म्हणून कोपऱ्यावर जाऊन मिसळ खाल्ली. डेंग्यूचा खरा डाव ताप उतरल्यावरच सुरू होतो हे मला ठाऊक नव्हतं. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप ओसरताना, रक्तवाहिन्यांमधलं पाणी बाहेर झिरपू लागतं. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं, हे सगळं तेव्हा येतं. पोटदुखी मी मिसळीच्या खाती टाकली. हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा टूथब्रश कडक असल्याचं निदान करून मऊ ब्रश आणला, तोही दोनावर एक फ्री. सहाव्या दिवशी रिक्षात घालून नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "मधे कुठली गोळी घेतलीत?" मी म्हटलं, "पांढरी." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

या पांढऱ्या गोळीचं मूळ आमच्या श्रीखंडाच्या डब्यात आहे. तुमच्याकडेही असेल, फ्रिजच्या वर. झाकणावर केशर-इलायची लिहिलेलं, आत औषधं. केमिस्टनं कात्रीनं कापून दिलेल्या पट्ट्या, नाव कापल्या बाजूला गेलेलं, मुदत दुसऱ्या बाजूला. उरल्या त्या गोळ्या केवळ रंगावरून ओळखायच्या: गुलाबी सर्दीची, पिवळी आत्याच्या गुडघ्याची, पांढरी 'अंग दुखलं की घ्यायची'. डेंग्यूच्या तापात ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून तापाला डॉक्टर पॅरासिटामॉलच देतात. पण दोन्ही पांढऱ्याच असल्यावर भेदभाव कशाला?

त्याच डब्यात अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या असतात. पाचांपैकी दोन घेतल्यावर बरं वाटलं म्हणून उरलेल्या. त्या टाकू नयेत. पुढच्या सर्दीला दीड दीड घ्याव्यात. सर्दी विषाणूची असते, त्यावर त्या चालत नाहीत, पण पैसे मोजलेले असतात. पेनिसिलीन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं 1945 साली नोबेलच्या व्याख्यानातच सांगून ठेवलं होतं की अपुऱ्या मात्रेनं जंतू मरत नाहीत, तयार होतात. त्याच्याकडे श्रीखंडाचा डबा नव्हता.

किरकोळ जखमांचं फार मनावर घेऊ नका. फोडणीचं तेल हातावर उडालं तर टूथपेस्ट लावा, वीस मिनिटं वाहत्या नळाखाली हात धरायला पाणी काय फुकट येतं? ती पेस्ट नंतर दवाखान्यात खरवडून काढतात, तेव्हा तोंडाचा तो मिंटचा वास सबंध वॉर्डाला येतो. घोळणा फुटला तर मान मागे टाका म्हणजे रक्त घशात जाईल आणि कपडे वाचतील. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरणं हे फारच साधं वाटतं, त्यात नाट्य नाही. मुरगळलेल्या पायासाठी गल्लीत एक हाड बसवणारे असतातच. ते मोडलेलं हाडही बसवतात आणि न मोडलेलंही.

कुत्रा चावल्यावर जखमेत तिखट भरणारे लोक मी पाहिलेत. यावर मला विनोद सुचत नाही. साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की जवळजवळ कोणी वाचत नाही. चला, पुढे.

तुंबलेलं पाणी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, लोक छातीभर पाण्यातून घरी गेले, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोचे रुग्ण वाढले. उंदराचं मूत्र त्या पाण्यात, आणि तुमच्या टाचेला भेग. पाणी तुंबलं की पालिका दरवर्षी सांगते, पाण्यातून चालून आलात तर 72 तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी घ्या. गोळी पालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळते. फुकटचं औषध लागू पडत नाही हे आपल्याला माहीतच आहे. पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले तर फार चाललो म्हणावं.

मी हॉस्पिटलातून घरी आलो त्याच आठवड्यात पालिकेच्या आरोग्य सेविका दारात आल्या. आईनं सवयीनं सांगितलं, "आमच्याकडे कोणी नाही आजारी." मी आतून खोकलो. त्या तशाच आत आल्या आणि टीव्हीशेजारच्या मनीप्लांटच्या बाटलीवर बॅटरी मारली. आत चार-पाच बारीक काड्या वळवळत होत्या, वर येत होत्या, पुन्हा खाली जात होत्या.

"हे डेंग्यूचे," त्या म्हणाल्या. "अंडं घातल्यापासून आठ-दहा दिवसांत उडतात. म्हणून आठवड्याला पाणी बदलायचं सांगतो."

"पण पाणी स्वच्छ आहे हो," मी म्हटलं.

"त्यांना स्वच्छच लागतं."

"आणि परवाच तर बदललंय."

त्यांनी बॅटरी बंद केली नाही. "परवा म्हणजे?"

"गटारीच्या आसपास."